स्नॅपच्या आधी कोण हललं? अमेरिकन फुटबॉलमधला एक सेकंद आणि त्याचे नियम

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले "म्हणजे... आपलं ते..." काढून टाकलेत, बाकी जवळपास बोललो तसंच आहे.

रविवारी रात्री उशिरा जागून एनएफएलचे सामने बघणाऱ्यांना, किंवा नुसते रील्स बघणाऱ्यांनाही, एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते. दोन्ही संघ समोरासमोर वाकून उभे असतात. बॉल अजून जमिनीवरच असतो. आणि अचानक शिट्टी वाजते, पिवळा रुमाल पडतो, पाच यार्डांची शिक्षा होते. का? तर म्हणे कुणाचा तरी खांदा हलला. पुढच्याच प्लेला एक गडी डावीकडून उजवीकडे चक्क धावत जातो आणि त्याला कुणी हटकतही नाही! खांदा हलला तर गुन्हा आणि धावला तर माफ, हे काय गौडबंगाल आहे?

तर आज तेच सोडवूया. सुरुवातीलाच उत्तर सांगून टाकतो, मग तपशिलात जाऊ. हे नियम हालचाल मोजत नाहीत. त्या हालचालीने समोरच्याला फसवलं का, आणि कुणी दुसऱ्याच्या हद्दीत शिरलं का, एवढंच ते बघतात. हे डोक्यात बसलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

पिस्तूल एकाच संघाच्या हातात

आधी दोन मिनिटं बेसिक. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल तो ऑफेन्स, समोरचा डिफेन्स. ऑफेन्सचा सेंटर बॉल जमिनीवरून उचलून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की प्ले सुरू. १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, म्हणून पाच यार्डांची शिक्षा म्हणजे निम्म्या कामावर पाणी.

बॉल जमिनीवर ठेवला की त्याची दोन टोकं दोन्ही संघांच्या सीमा ठरवतात. मधली बॉलच्या लांबीएवढी, म्हणजे साधारण ११ इंचांची पट्टी हा न्यूट्रल झोन. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कुणाचीच नाही. स्नॅप होईपर्यंत त्यात फक्त सेंटरला परवानगी.

आता खरी गंमत. शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाचा आवाज सगळ्यांना एकदम ऐकू येतो. खो-खोत रांगेत बसलेल्या खेळाडूला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आणि तो खो पळणाऱ्यालाही ऐकू येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र पिस्तूल एकाच संघाच्या हातात असतं. क्वार्टरबॅक कितव्या "हट"ला स्नॅप मागणार, हे ऑफेन्सच्या अकरा जणांना आधीच माहीत असतं. डिफेन्सला माहीत नसतं. त्यांना बॉल हललेला बघूनच सुटायचं असतं.

हा फायदा मोठा आहे. त्याची किंमत म्हणून ऑफेन्सवर बंधन येतं: वेळ तुम्ही ठरवा, पण सुरुवात झाल्याचं सोंग करायचं नाही. डिफेन्सला उलट सौदा मिळतो: वेळ कळणार नाही, पण आपल्या बाजूला हवं तितकं हला, जागा बदला, पुढे-मागे करा. फक्त रेषा ओलांडायची नाही.

बाकी सगळे नियम या सौद्यातूनच निघतात.

ऑफेन्सची तीन कुलपं

पहिलं कुलूप: एक सेकंद शांत. स्नॅपच्या आधी ऑफेन्सचे सगळे ११ जण एकाच वेळी किमान एक पूर्ण सेकंद स्थिर दिसले पाहिजेत. याला सेट होणं म्हणतात. दोन किंवा जास्त खेळाडूंनी जागा बदलली तर त्याला शिफ्ट म्हणतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. परत सगळ्यांनी एक सेकंद थांबायचं. न थांबता स्नॅप केला तर इल्लिगल शिफ्ट.

दुसरं कुलूप: हलू शकतो फक्त एक. सेट झाल्यावर मागच्या फळीतला एक खेळाडू स्नॅपच्या क्षणी धावत असू शकतो. हाच तो मोशनवाला गडी, ज्याला कुणी हटकत नाही. अट एकच: रेषेला समांतर किंवा मागे जायचं, पुढे नाही. स्नॅपच्या क्षणी तो पुढे सरकत असेल तर इल्लिगल मोशन. त्याला मोकळीक का? कारण आडवं धावणाऱ्याला बघून डिफेन्सच्या लाइनमनला प्ले सुरू झाल्याचा भास होत नाही. इथे खोटी सुरुवात नाही, फक्त जागा बदलणं आहे.

तिसरं कुलूप: फॉल्स स्टार्ट. सेट झालेल्या खेळाडूने प्ले सुरू झाल्यासारखी झटकन, अचानक हालचाल केली की फॉल्स स्टार्ट. इथे "झटकन" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. उभ्या असलेल्या गड्याने सावकाश मान वळवून मित्राला काही सांगितलं तर चालतं. तीच मान झटका देऊन हलवली तर नाही.

सगळ्यात कडक बंधन मधल्या लाइनमनवर. त्याने एकदा हात जमिनीवर टेकवला की तो जणू पुतळा. एनएफएलमध्ये तो हात उचलला किंवा पवित्रा बदलला की फाउल, मग कितीही हळू का असेना. कारण समोरचा डिफेन्डर नेमका त्याच हाताकडे आणि बॉलकडे डोळे लावून बसलेला असतो.

क्वार्टरबॅकचं काय? तो घसा फुटेस्तोवर ओरडू शकतो, आवाजाची पट्टी वर-खाली करू शकतो. याला हार्ड काउंट म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. ग्रीन बेचा ॲरन रॉजर्स तर यासाठी प्रसिद्ध होता. पण ओरडताना डोकं-खांदे जोरात झटकले किंवा बॉल आल्यासारखे हात पुढे फेकले की तो फॉल्स स्टार्ट. आवाजाने चकवा, अंगाने नको.

डिफेन्सचे तीन गुन्हे, दिसायला सारखे

डिफेन्डर लवकर सुटला तर टीव्हीवर तीन वेगवेगळी नावं ऐकू येतात आणि डोकं गरगरतं. एनएफएलमधला फरक असा:

- एन्क्रोचमेंट: स्नॅपच्या आधी पलीकडे जाऊन ऑफेन्सच्या खेळाडूला स्पर्श केला. लगेच शिट्टी, प्ले होतच नाही.
- न्यूट्रल झोन इन्फ्रॅक्शन: स्पर्श नाही, पण तो त्या ११ इंचांत शिरला आणि त्यामुळे जवळचा ऑफेन्सचा खेळाडू दचकून हलला. इथेही लगेच शिट्टी. हलला ऑफेन्सवाला, शिक्षा डिफेन्सला.
- ऑफसाइड: स्पर्श नाही, कुणी दचकलंही नाही, पण बॉल सुटला त्या क्षणी तो पलीकडे होता. इथे शिट्टी वाजत नाही. रुमाल पडतो आणि प्ले चालू राहतो.

ऑफसाइडला प्ले चालू राहतो, म्हणूनच "फ्री प्ले" मिळतो. क्वार्टरबॅकला रुमाल दिसला की तो लांब बॉल फेकून मोकळा होतो. टचडाउन झालं तर शिक्षा नाकारायची आणि गुण घ्यायचे. बॉल हुकला किंवा समोरच्याने पकडला तर पाच यार्ड घ्यायचे. दोन्हीकडून लाडू.

मग फॉल्स स्टार्टला असं का नाही? तिथे प्ले लगेच का मारतात? दोन कारणं. खोट्या सुरुवातीनंतर डिफेन्स सुटलेलाच असतो, पुढे जे होईल ते न्याय्य राहत नाही. आणि सव्वाशे किलोचा माणूस बेसावध क्वार्टरबॅकवर धावून जात असताना "बघू पुढे काय होतं" म्हणणं धोक्याचं. त्याच कारणाने, डिफेन्डर लवकर सुटून अडथळ्याविना थेट क्वार्टरबॅकच्या दिशेने निघाला असेल, तर तिथेही पंच प्ले थांबवतात.

तुम्ही पंच, सांगा निकाल

आता गंमत करू. एनएफएलमध्ये सात पंच असतात. बॉलच्या रेषेच्या दोन टोकांना डाउन जज आणि लाइन जज उभे असतात, रेषेवर नजर ठेवून. (सारा थॉमस २०२१ च्या सुपर बोलमध्ये पंचगिरी करणारी पहिली स्त्री ठरली, ती डाउन जज म्हणूनच.) समजा, तुम्ही तिथे उभे आहात.

प्रसंग १. कडेला उभा असलेला रिसीव्हर सावकाश हात पुसतो. काही नाही. प्ले सुरू झाल्याचा भास कुणालाच होणार नाही.

प्रसंग २. गार्ड दचकतो. ते बघून समोरचा डिफेन्डर उडी मारून थेट त्याला धडकतो. स्पर्श झाला म्हणून एन्क्रोचमेंट? नाही. फॉल्स स्टार्ट. आधी कोण हललं ते महत्त्वाचं.

प्रसंग ३. तेच, फक्त क्रम उलटा. डिफेन्डर आधी न्यूट्रल झोनमध्ये शिरतो, मग समोरचा गार्ड दचकतो. आता दोष डिफेन्सचा. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. फरक असतो पापणी लवण्याएवढ्या वेळाचा.

प्रसंग ४. डिफेन्डर न्यूट्रल झोनमध्ये शिरतो, चूक लक्षात येते, मागे येतो. ऑफेन्स ढिम्म. मग स्नॅप. एनएफएल आणि कॉलेज फुटबॉलमध्ये काही नाही. पण अमेरिकन हायस्कूलच्या नियमात तो शिरला त्याच क्षणी फाउल आणि शिट्टी. शाळकरी मुलं आहेत, शंकेला जागाच नको, असा तो कडकपणा.

प्रसंग ५. डिफेन्डर डाव्या टोकाला शिरतो आणि उजव्या टोकाचा, पार लांबचा रिसीव्हर दचकतो. इथे डिफेन्सला दोष देता येत नाही. इतक्या लांबच्या माणसाला त्याचा धोका नव्हता. जो समोर किंवा लगत आहे, त्याच्याच दचकण्याला माफी.

प्रसंग ६. दोन रिसीव्हर जागा बदलतात. एक थांबतो, दुसरा अजून पाय रोवतोय, तेवढ्यात स्नॅप. इल्लिगल शिफ्ट. पण शिट्टी नाही, रुमाल टाकायचा आणि प्ले होऊ द्यायचा. इथे कुणी डिफेन्सला चकवून पुढे ओढलेलं नाही, त्यामुळे प्ले मारायची गरज नाही.

बघितलंत? प्रत्येक वेळी पंच डोक्यात तेच तीन प्रश्न सोडवतो. हलणारा कोण, म्हणजे त्याच्यावर कोणतं कुलूप आहे? हलला कसा, झटक्याने की सावकाश? आणि क्रम काय, आधी कोण? मी कोड लिहिणारा माणूस, मला हे ओळखीचं वाटतं. दोन घटना जवळपास एकाच वेळी घडल्या की प्रोग्रॅममध्येही सगळा घोळ क्रमाचाच असतो. फरक इतकाच की आम्हाला नंतर लॉग वाचता येतो. पंचाला नाही. फॉल्स स्टार्ट दिला की प्ले संपला, आणि प्रशिक्षक त्याला आव्हानही देऊ शकत नाही.

नियम स्पष्ट, तरी भांडण

आता तीन खरे किस्से. तिन्ही वेगवेगळ्या प्रकारे अवघड आहेत.

पहिला, वेळेचा. २०२३ च्या हंगामाच्या सलामीला कॅन्सस सिटी चीफ्सचा उजवा टॅकल जवान टेलर इतक्या अचूक वेळी मागे सरकत होता की टीव्हीवर बघणाऱ्यांना तो दर वेळी आधीच सुटतोय असं वाटत होतं. सोशल मीडियावर क्लिपांचा पाऊस पडला. पण त्याला स्नॅपची वेळ माहीत असते आणि बॉलबरोबर हलणं हा त्याचा हक्कच आहे. बॉल आणि पाय एकत्र हलले तर कायदेशीर, पाय आधी हलला तर फॉल्स स्टार्ट. लाइन जजला एका नजरेत बॉलही बघायचाय आणि लांब टोकाचा पायही. चर्चा झाल्यावर पंचांची नजर त्याच्यावर बसली. दुसऱ्याच आठवड्यात वेगवेगळ्या कारणांनी त्याच्यावर इतके रुमाल पडले की प्रशिक्षकांनी त्याला थोडा वेळ बाहेर बसवलं.

दुसरा, जागेचा. १० डिसेंबर २०२३, चीफ्स विरुद्ध बफेलो बिल्स. बिल्स २०-१७ ने पुढे, जेमतेम मिनिटभराचा खेळ बाकी. पॅट्रिक महोम्सने बॉल ट्रॅव्हिस केल्सीला दिला, केल्सीने पळता पळता तो आडवा कडेरियस टोनीकडे फेकला आणि टोनीने टचडाउन केलं. स्टेडियम पेटलं. आणि रुमाल. टोनी स्नॅपच्या वेळी न्यूट्रल झोनमध्ये उभा होता, ऑफसाइड. टचडाउन रद्द, आणि चीफ्स २०-१७ असेच हरले.

महोम्स आणि प्रशिक्षक अँडी रीड प्रचंड चिडले. त्यांचं म्हणणं होतं की अशा वेळी पंच आधी सावध करतात. हे अगदी खोटं नाही. रिसीव्हर कडेला उभा राहिला की बऱ्याचदा पंचाकडे बघून हाताने विचारतो, "बरोबर ना?" पंचही हाताने खूण करून सांगतो. फाउल होऊ नये म्हणून आधीच बोलणं हा चांगल्या पंचगिरीचा भाग मानतात. पण ते सौजन्य आहे, हक्क नाही. मुख्य पंचाचंही स्पष्टीकरण असंच होतं: विचारलंत तर सांगू, पण योग्य जागी उभं राहायची जबाबदारी खेळाडूची.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. "एवढ्या सुंदर प्लेला असा नियम काढायचा का?" हा प्रश्न भावनेला पटतो. पण रुमाल पडला तो टोनी जिथे उभा होता त्यासाठी. पुढचा प्ले सुंदर होणार की बकवास, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. निकाल बघून नियम लावायचा ठरवलं तर तो नियम राहत नाही.

तिसरा, शिक्षेचा. २६ जानेवारी २०२५, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध वॉशिंग्टन कमांडर्स, सुपर बोलच्या आधीचा सामना. बॉल गोल लाइनपासून अगदी हातभर. ईगल्स त्यांचा प्रसिद्ध "टश पुश" करणार, म्हणजे क्वार्टरबॅकला मागून ढकलत रेटून नेणार. वॉशिंग्टनच्या फ्रँकी लुवूने स्नॅपचा अंदाज बांधून रेषेवरून उडीच मारली. एन्क्रोचमेंट. मग पुन्हा मारली.

का? गणित साधं आहे. गोल लाइनजवळ पाच यार्डांना जागाच नसते, म्हणून उरलेल्या अंतराच्या निम्मं अंतर शिक्षा होते. हातभराचं निम्मं म्हणजे वीतभर. वेळ चुकली तर नुकसान नगण्य, जमली तर टचडाउन अडतं. शिक्षेची भीतीच संपली. शेवटी मुख्य पंचाने माइकवर जाहीर केलं की हे असंच चालू राहिलं तर ईगल्सना थेट गुण देता येतील. तशी वेळ आली नाही, ईगल्सनी टचडाउन केलं आणि सामना ५५-२३ जिंकला. पण नियमपुस्तकात ती तरतूद का ठेवली आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

ऑफेन्सकडूनही असा डाव शक्य असतो. शेवटच्या मिनिटात घड्याळ पळतंय, टाइमआउट संपलेत, मग मुद्दाम हलून घड्याळ थांबवलं तर? पाच यार्ड गेले तर गेले! म्हणूनच एनएफएलमध्ये अशा वेळी पाच यार्डांसोबत घड्याळातून दहा सेकंदही कापतात.

हा सौदा सगळीकडे सारखा नाही

हे नियम निसर्गाने दिलेले नाहीत, लोकांनी ठरवलेत. शेजारच्या कॅनडात बघा. तिथे १२ खेळाडू, न्यूट्रल झोन एक यार्डाचा, आणि मागच्या फळीतले बरेच जण स्नॅपच्या आधी रेषेच्या दिशेने पुढे धावत येऊ शकतात. अमेरिकेत जो थेट फाउल, तो तिथे खेळाची शान. पण बघा, तिथे डिफेन्सला यार्डभर जागा जास्त दिली आहे. एकाला मोकळीक दिली की दुसऱ्याला काहीतरी द्यावंच लागतं.

आपल्याकडच्यांना हा खेळ आता अजून दिसणार आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, धडकाधडकी नसलेला पाच-पाच जणांचा प्रकार. क्रिकेटसोबत त्याचीही निवड झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात.

पुढचा सामना बघताना

एक करून बघा. स्नॅपच्या आधी क्वार्टरबॅककडे बघू नका. बॉल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लाइनमन बघा. सगळे थांबले की मनात "एक हजार एक" म्हणा, तो झाला तुमचा एक सेकंद. शिट्टी वाजली की समालोचकाच्या आधी निकाल द्या: कोण, कसं, आधी कोण. मग मुख्य पंचाची खूण बघा. छातीसमोर दोन्ही हात गोल फिरवले तर फॉल्स स्टार्ट. दोन्ही हात कमरेवर ठेवले तर डिफेन्डर लवकर सुटला.

दहापैकी सहा बरोबर आले तरी छान. आणि जे चार चुकतील, ते स्लो मोशनशिवाय पुन्हा आठवून बघा. पंचाकडे तेवढंच असतं.

पुढच्या भागात "पास इंटरफिअरन्स" घेऊया, त्यावर तर याहून जास्त भांडणं होतात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नेहमीसारखे निवडक प्रश्न भागात घेईन. तोपर्यंत, काळजी घ्या, भेटूच!